कणाची कसोटी

सराफ सोनं कसं पारखतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पेढीवर बसून पाहिलेलं असतं. काळ्या, गुळगुळीत दगडावर तो दागिना हलकेच घासतो. शेजारी माहितीतल्या सोन्याची एक रेघ ओढतो आणि दोन्ही रेघा ताडून पाहतो. त्या काळ्या दगडाला आपण कसोटी म्हणतो. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त ही रीत तपशिलानं लिहून ठेवली आहे. पितळेसारख्या धातूच्या लांब सुया घ्यायच्या, त्यांच्या टोकांना वेगवेगळ्या कसाचं सोनं डकवायचं आणि प्रत्येक सुईवर तिचा कस लिहायचा. नवं सोनं आलं की त्याची रेघ आणि सुयांच्या रेघा शेजारी शेजारी. जिच्याशी जुळली, तिचा कस तो याचा कस. हुशार सराफाला नुसत्या रंगावरूनही कस ओळखता येतो, हे अबुल फजल मान्य करतो. पण इतरांचं समाधान व्हावं म्हणून ही पद्धत आहे, असं त्याचं म्हणणं.

‘इतरांचं समाधान’ ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझा डोळा कितीही तरबेज असो, मला दिसलं ते दुसऱ्याला पडताळता आलं पाहिजे. सराफ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि कसोटी संस्कृतातून. दोघं शतकानुशतकं एकाच पेढीवर नांदले. त्यांनी मिळून सांभाळलेलं सूत्र असं की, अनोळखी वस्तू ओळखायची तर ती ओळखीच्या वस्तूशेजारी ठेवून पाहायची.

हेच सूत्र केसापेक्षाही बारीक असलेल्या दगडाच्या कणापर्यंत कसं पोहोचलं, त्याची हकिकत आज सांगायची आहे. मी विज्ञानाचा माणूस नाही, शब्दांचा आहे. पण वाचायला शिकण्याची गोष्ट मला नेहमीच ओढून घेते, आणि ही दगड वाचायला शिकण्याची गोष्ट आहे.

आपल्या पायाखालचा काळा कातळ दिसायला एकजिनसी असतो. प्रत्यक्षात त्यात निरनिराळ्या खनिजांचे कण एकमेकांत घट्ट बसलेले असतात. जुने रसायनशास्त्रज्ञ दगड कुटून, आम्लात विरघळवून त्याचं पृथक्करण करत. उत्तर अचूक मिळे, पण ते साऱ्या मिश्रणाचं. खिचडी वाटून तिची चव घेतली तर तांदूळ कोणता नि डाळ कोणती, हे कसं कळावं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी दगड घासून घासून इतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार गेला. दगडाचा असा छेद आज ०.०३ मिलिमीटर जाडीचा ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कण वेगवेगळे दिसू लागले. मात्र प्रकाशाच्या लहरीलाही स्वतःची लांबी असते. साध्या सूक्ष्मदर्शकात मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक तपशील उमटत नाही. शिवाय कण दिसला तरी त्यात लोखंड किती आणि मॅग्नेशियम किती, हे डोळा सांगू शकत नाही.

उजेडाच्या जागी इलेक्ट्रॉन वापरले तर? १९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. या कामासाठी रुस्का यांना नोबेल पारितोषिक मिळालं ते १९८६ साली, म्हणजे ५५ वर्षांनी. नोल तोवर हयात नव्हते. या यंत्रात इलेक्ट्रॉन वस्तूच्या आरपार जात, त्यामुळे नमुना अतिशय पातळ असावा लागे. दगडासारख्या जाड वस्तूचा पृष्ठभाग पाहायचा तर दुसरी युक्ती हवी होती.

ती युक्ती दूरचित्रवाणीच्या घरातून आली. आपण पुस्तकाचं पान वाचतो तशी इलेक्ट्रॉनांची बारीक शलाका वस्तूवरून ओळीओळीनं फिरवायची. प्रत्येक ठिपक्यावरून जे इलेक्ट्रॉन उसळतील ते टिपायचे आणि त्याच क्रमानं पडद्यावर उजळ किंवा काळा ठिपका उमटवायचा. यालाच स्कॅनिंग म्हणतात. १९३५ साली नोल यांनी असं चित्र मिळवलं, पण त्यांची शलाका फार जाडी होती. पुढं १९३७-३८ मध्ये मानफ्रेड फोन आर्डेन या हिकमती संशोधकानं बर्लिनमधल्या आपल्या खासगी प्रयोगशाळेत भिंगं लावून ती शलाका अतिशय बारीक केली. १९४४च्या हवाई हल्ल्यात त्यांचं यंत्र नष्ट झालं. तिकडे अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक असलेले व्लादिमीर झ्वोरिकिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ साली असंच यंत्र बनवलं. त्याची चित्रं धूसर, दाणेदार येत. कंपनीनं तो नाद सोडून दिला.

एका पाठोपाठ एक अशा हुशार माणसांनी हात टेकल्यावर पुन्हा त्याच वाटेनं जाणारा माणूस वेडाच ठरायचा. केंब्रिजचे चार्ल्स ओटली १९४८ साली त्या वाटेनं निघाले. युद्धकाळात ते रडारचं काम करत होते. क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा, याचा त्यांना सराव होता. या विषयातल्या अनेक जाणकारांनी त्यांना हा वेळेचा निव्वळ अपव्यय होईल, असं बजावलं होतं. ओटली यांनी हे स्वतःच पुढं लिहून ठेवलं आहे. त्यांचा विद्यार्थी डेनिस मॅकमुलन यानं यंत्र जुळवलं आणि १९५१ साली चित्रं मिळवली. त्या चित्रांत उंचसखलपणा होता, उजेड-सावली होती. कण जणू हातात घेऊन पाहावा तसा दिसत होता. मग एकामागून एक विद्यार्थी आले आणि प्रत्येकानं आधीच्याचं यंत्र सुधारून पुढच्याच्या हाती दिलं. १९६५ साली ‘स्टिरिओस्कॅन’ या नावानं ते यंत्र बाजारात आलं. म्हणजे पहिल्या प्रयत्नापासून तीस वर्षं लागली.

आता कण दिसू लागला. पण तो काय आहे? जड मूलद्रव्यांचा कण उजळ आणि हलक्यांचा काळसर दिसतो, एवढं चित्रावरून कळतं. सराफाच्या भाषेत सांगायचं तर रेघ उमटली, पण शेजारी सुईची रेघ अजून नव्हती.

त्या सुईची पूर्वतयारी आधीच झाली होती. १९१३ साली हेन्री मोस्ले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं आणि त्या ऊर्जेवरून त्याचा अणुक्रमांक ठरतो. सिलिकॉनचा मुख्य किरण १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, कॅल्शियमचा ३.६९, लोखंडाचा ६.४०. जणू प्रत्येकाची वेगळी सही. मोस्ले १९१५ साली गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. वय अवघं २७. महायुद्धानं घेतलेल्या बळींत त्याचं नाव आजही हळहळून घेतलं जातं.

या सहीचा उपयोग फ्रान्समध्ये रेमाँ कास्टँ या संशोधकानं केला. आंद्रे गिनिए यांच्या मार्गदर्शनाखाली त्यानं इलेक्ट्रॉनांची शलाका मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यावर रोखली आणि तिथून निघणारे क्ष-किरण मोजले. १९५१ साली त्याचा प्रबंध सादर झाला. या शास्त्राचा पाया आजही तोच मानतात. त्यातली कळीची कल्पना आपल्या ओळखीची आहे. नमुन्यातून लोखंडाचे किती किरण आले, हे नुसतं मोजून भागत नाही. यंत्र आज कसं चालतं आहे, शलाका किती जोरात आहे, यावर तो आकडा बदलतो. म्हणून त्याच यंत्रात, त्याच स्थितीत, लोखंडाचं प्रमाण पक्कं माहीत असलेला तुकडा ठेवायचा. त्याचे किरण मोजायचे आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. मग वाटेत शोषले गेलेले किरण, शेजारच्या अणूंमुळे वाढलेले किरण, अशा दुरुस्त्या करायच्या. अबुल फजलच्या सुया आणि कास्टँचे मानक नमुने यांच्यात साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे, पण युक्ती एकच.

१९६८ साली रे फिट्झजेराल्ड, क्लाउस काइल आणि कर्ट हाइनरिख यांनी सिलिकॉनचा एक छोटा शोधक या कामी लावला. सगळ्या मूलद्रव्यांच्या सह्या तो एकदमच वाचू शके. कास्टँच्या पद्धतीत प्रत्येक किरण स्फटिकानं वेगळा काढून मोजावा लागे, त्याला वेळ जाई. नवा शोधक साध्या स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकालाही जोडता येऊ लागला. पाहणं आणि पारखणं एका खोलीत आलं.

लगेच पुढच्या वर्षी मोठी परीक्षा होती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११नं चंद्रावरून सुमारे २१ किलो दगडमाती आणली. तिचा कणन् कण मोलाचा होता. कुटून विरघळवण्याची चैन परवडणारी नव्हती. इलेक्ट्रॉन शलाकेखाली कण न कुटता पारखता आले आणि त्यांत लोखंड, मॅग्नेशियम व टायटॅनियमचं एक नवंच खनिज सापडलं. त्याला नाव दिलं आर्मालकोलाइट. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स या तिघांच्या नावांतली अक्षरं त्यात गुंफलेली आहेत.

चंद्रावरून ही हकिकत थेट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उतरते, लोणारला. पुराणकथेनं हे सरोवर लवणासुराशी जोडलं. अबुल फजलनं वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इथल्या खाराची नोंद केली आणि काच व साबण बनवण्याचा माल इथं मिळतो, असं लिहिलं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचं वर्णन केलं. पण जवळजवळ गोल, १८३० मीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा खळगा झाला कसा? सगळा मुलूख ज्वालामुखीच्या लाव्हाचा, तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड असणार, असं अनेकांना वाटे. जमीन खचली असणार, असं काही जण म्हणत. दिसायला दोन्ही पटण्यासारखं होतं. १९६४ साली लाफों आणि डिट्झ यांनी उल्काघाताची शक्यता ठामपणे मांडली. तरी पुरावा हवाच होता.

तो १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिहिणारे होते फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम. अमेरिकी शास्त्रज्ञ आणि आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ यांनी मिळून केलेलं हे काम. सरोवराच्या तळाखाली भोकं पाडून काढलेल्या दगडाच्या चुऱ्यात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. मॅस्केलिनाइट ही एक अजब चीज आहे. फेल्डस्पार या साध्या खनिजावर काही लाख वातावरणांइतका दाब क्षणार्धात पडला, की त्याची आतली स्फटिकरचना मोडून काच होते. पण कणाचा आकार तोच राहतो आणि रसायनही फेल्डस्पारचंच. ज्वालामुखीत वितळून झालेली काच अशी नसते. तिथं सारं वितळून एकमेकांत मिसळतं. इतका दाब ज्वालामुखी देऊच शकत नाही. तो फक्त आकाशातून आलेला घावच देतो. गंमत म्हणजे मॅस्केलिनाइटची पहिली ओळख झाली तीही भारतात पडलेल्या एका दगडातून. १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटी इथं पडलेल्या उल्कापाषाणात ते १८७२ साली चेरमाक यांनी व्हिएन्नात ओळखलं.

हा निकाल एकट्या यंत्रानं दिलेला नव्हता, हे इथं ध्यानात घ्यायला हवं. कण काचेचा झाला आहे, हे सॉर्बींच्या वाटेनं, ध्रुवित प्रकाशाच्या जुन्या सूक्ष्मदर्शकात कळतं. त्याचं रसायन मात्र फेल्डस्पारचं आहे, हे इलेक्ट्रॉन शलाका सांगते. दोघांची साक्ष एकत्र वाचली तेव्हा अर्थ लागला. लोणारच्या काचेचे गोल मणी अपोलोनं आणलेल्या मण्यांशी ताडून पाहिले गेले, आणि बेसॉल्टमधलं हे उल्काविवर चंद्रावरच्या विवरांना समजून घेण्याचं पृथ्वीवरचं साधन ठरलं. आणि तरीही, हे घडलं कधी, हा प्रश्न या यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहिला. आधी सुमारे ५० हजार वर्षं असा अंदाज होता. २०११च्या सुमारास आर्गॉन वायूच्या मोजणीनं तो साडेपाच लाखांच्या वर गेला. एका कसोटीनं सगळेच कस लागत नाहीत.

आता हे यंत्र वापरायला शिकणं म्हणजे काय? कळ दाबणं एका दुपारीत येतं. खरं शिक्षण त्याच्या आधी आणि नंतर असतं. दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा, हिऱ्याच्या बारीक भुकटीनं आरशासारखा घासायचा. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर किरण वाटेत अडतात आणि आकडे खोटे येतात. बहुतेक खनिजांतून वीज वाहत नाही. त्यांच्यावर इलेक्ट्रॉन साचून चित्र फाटतं, म्हणून वर कर्बाचा अतिशय पातळ थर द्यावा लागतो. मग आधी मानक नमुने मोजायचे. त्यानंतर माहितीतलंच एखादं खनिज अनोळखी समजून मोजायचं. त्याचं उत्तर बरोबर आलं तरच आपल्या दगडाला हात लावायचा.

यातला पहिला धडा, दिसणं आणि मोजणं यांत फरक असतो. चित्रात अतिसूक्ष्म कण स्पष्ट दिसतो. पण क्ष-किरण येतात ते इलेक्ट्रॉन जिथवर शिरले त्या थेंबाएवढ्या जागेतून, आणि ती जागा सहज एक-दोन मायक्रोमीटरची असते. कण त्याहून लहान असेल तर शेजाऱ्याची सहीही त्याच्याच नावावर चढते. दुसरा धडा, सह्याही सारख्या असू शकतात. मॉलिब्डेनम २.२९, गंधक २.३१, शिसं २.३५. नेहमीच्या सिलिकॉन शोधकाला साधारण ०.१३पर्यंतचाच फरक वेगळा काढता येतो. संगणक मात्र बिनदिक्कत एक नाव छापून मोकळा होतो. तिसरा, काही गोष्टी या यंत्राला दिसतच नाहीत. हायड्रोजनची सही नसते, म्हणून पाणी दिसत नाही. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या दगडखाणींत मिळणारी सुंदर झिओलाइटं पाणी पोटात बाळगून असतात. निर्वातात आणि शलाकेखाली ती पाणी सोडतात, त्यांतलं सोडियमही जागेवरून सरकतं.

याला जोडूनच चौथा धडा येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रामाणिक मोजणीत सगळ्या घटकांची बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी. झिओलाइटची ती ८५ भरली तर उरलेले पंधरा म्हणजे बहुधा पाणी. दुसऱ्या एखाद्या दगडाची तेवढी आली तर घासणं कच्चं आहे, कुठं भेग आहे किंवा एखादं मूलद्रव्य राहून गेलं आहे. ही तूट काहीतरी सांगत असते. पण आजच्या अनेक यंत्रांत मानक नमुना न वापरताच आकडे देण्याची आणि बेरीज परस्पर शंभर करून दाखवण्याची सोय असते. झटपट कामाला ती ठीक आहे. मात्र त्या सोयीनं तूट झाकली जाते. कागदावर सगळं चोख, आणि जे सांगायला हवं होतं तेच गायब.

हे केवळ विद्वानांचं प्रकरण आहे, असं समजू नये. दगडखाणीत काम करणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारी धूळ क्वार्ट्‌झची असेल तर सिलिकोसिसचा धोका असतो. इलेक्ट्रॉन शलाका त्या कणात सिलिकॉन आणि ऑक्सिजन दाखवते. पण स्फटिकरूप क्वार्ट्‌झ आणि साधी सिलिकाची काच यांचं रसायन एकच. फरक असतो आतल्या रचनेचा, आणि त्यासाठी क्ष-किरणांची दुसरी परीक्षा घ्यावी लागते. यंत्रानं दिलेलं नाव तसंच उचललं तर चूक कागदावर राहत नाही, कुणाच्या तरी श्वासापर्यंत जाते.

म्हणून या साऱ्या इतिहासात मला ओटलींच्या चिकाटीइतकंच आणखी एका कामाचं अप्रूप वाटतं. १९८० साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या यूजीन यारोसेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या संग्रहातली निवडक खनिजं जुन्या, वेळखाऊ रासायनिक पद्धतीनं काटेकोर तपासून प्रसिद्ध केली. अ‍ॅरिझोनातलं ऑलिव्हिन, न्यूझीलंडचं हॉर्नब्लेंड, समुद्रतळावरची काच. त्यांचे कण जगभरच्या प्रयोगशाळांना मानक म्हणून दिले. त्यामुळं एका देशातला आकडा दुसऱ्या देशात ताडून पाहता येतो. म्हणजे ज्या कुटण्या-विरघळवण्याला नवं यंत्र मागं टाकणार होतं, त्याच जुन्या विद्येवर नव्या यंत्राची पत उभी आहे.

यंत्रं पुढंही सुधारतील, शलाका आणखी बारीक होईल, उत्तरं आणखी लवकर मिळतील. पण उत्तर हातात आल्यावर दोन प्रश्न विचारायची सवय माणसालाच लावून घ्यावी लागेल. हे कशाशी ताडून पाहिलं? आणि बेरीज शंभर भरली, की भरवली? अकबराच्या टांकसाळीतला सराफ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुया पुढं करून देत असे. आपल्या हातातही त्या असायला हव्यात.